उजवी बाजू दोनदा उडाली: जुना स्टीरिओ अ‍ॅम्प्लिफायर, आता काय तपासू?

एककर्णी (सदाशिव पेठ)

मंडळी, नमस्कार. वडिलांनी १९८४ साली बोनसच्या पैशांतून घेतलेला स्टीरिओ अ‍ॅम्प्लिफायर आहे. कंपनीचं नाव सांगत नाही. चाळीस वर्षं इमानानं वाजलेल्या वस्तूच्या नावानं आता शंख कशाला करायचा?

चूक माझीच आहे, ती आधी कबूल करतो. दिवाळीआधी घराला रंग काढला. रंगाऱ्यानं स्पीकरच्या वायरी ओढून बाजूला केल्या, त्या मी चष्मा न लावता परत जोडल्या. मागे स्क्रूची टर्मिनल आहेत, त्यात वायरचे दोन-तीन केस बाहेर राहून शेजारच्या स्क्रूला टेकले. एलपी लावली, आवाज जरा चढवला आणि उजव्या बाजूनं ‘फट्’. वूफरचा कोन एकदा पुढे उडाला आणि मग शांतता. आतला त्या बाजूचा २ अँपिअरचा फ्यूज आरशासारखा काळा-चंदेरी झालेला.

एका मेकॅनिककडे दिला. तीन आठवडे आणि १६०० रुपये. घरी आणला, वाजला, मी खूश. दहा-बारा मिनिटांनी पुन्हा तोच वास, तोच फ्यूज. परत नेला तर म्हणाला, “काका, आता यात काही राम नाही, ब्लूटूथवाला घ्या.”

डावी बाजू अजून ठणठणीत आहे आणि तोच खरा छळ आहे. आईच्या आवडीच्या एका भक्तिगीतांच्या एलपीत पेटी डावीकडे आणि तबला उजवीकडे आहे. आई ८४ वर्षांची. परवा दोन गाणी ऐकून म्हणाली, “आज तबलजी आला नाही का रे?”

आत जे दिसतं ते असं: २४-०-२४ चा ट्रान्सफॉर्मर, ४७०० एमएफडी (मायक्रोफॅरड) ५० व्होल्टचे दोन कंडेन्सर, मागच्या हीटसिंकवर (उष्णता सोडणाऱ्या धातूच्या पट्टीवर) दर बाजूला दोन असे चार लोखंडी टोपीचे २एन३०५५, म्हणजे मोठे आउटपुट ट्रान्झिस्टर. त्यांना चालवणारे छोटे ड्रायव्हर ट्रान्झिस्टर प्रत्येक बाजूला दोन, एक बीडी१३९, एक बीडी१४०. सर्किट डायग्राम नाही. मी बँकेतून निवृत्त. शाळेत असताना टू-बँड रेडिओ जोडला होता आणि सोल्डरिंग गन अजून हातात नीट धरता येते, एवढंच माझं भांडवल. डिजिटल मल्टिमीटर आहे.

५ अँपिअरचा फ्यूज टाकून बघू का? मेकॅनिकनं जाता जाता तसं सुचवलं होतं.

कोथरूडकर

काका, चाळीस वर्षांचे कंडेन्सर आहेत, सगळे काढून नवीन टाका. अर्धे प्रॉब्लेम तिथेच जातात. नाहीतर सरळ टीडीए७२९४ या अ‍ॅम्प्लिफायर आयसीचे दोन तयार बोर्ड घ्या, तुमच्या ट्रान्सफॉर्मरवर आरामात चालतील. कॅबिनेट तेच, नॉब तेच, आईंना कळणारसुद्धा नाही.

जुना बेंचवाला

आधी शेवटच्या ओळीबद्दल. पाचचा फ्यूज टाकायचा नाही. तारेचा केस गुंडाळायचा नाही, सिगारेटच्या पाकिटातली चांदी लावायची नाही. फ्यूज मोठा केला की पुढच्या वेळी ट्रान्सफॉर्मर जाईल, आणि तो गुंडाळून घ्यायला आता माणूस शोधावा लागतो.

कोथरूडकर, तुमचा बोर्ड वाजेल, वाद नाही. पण विचारलंय ते दुरुस्तीबद्दल. आणि दोष सापडायच्या आधी सरसकट कंडेन्सर बदलणं म्हणजे ताप कशाचा ते न बघता सलाईन लावणं. वीस ठिकाणी सोल्डर उघडायचं, त्यात एखादा उलटा बसला की मूळ दोषात आपला एक मिळवला. डाव्या बाजूला तेच कंडेन्सर, त्याच वयाचे, त्याच सप्लायवर. ती वाजतेय ना?

एककर्णी साहेब, तुमच्या लिहिण्यात दोन गोष्टी कामाच्या आहेत.

एक, फ्यूजची काच काळी झाली. थोडा जास्त करंट बराच वेळ गेला तर तार मधे वितळून नुसती तुटते, काच स्वच्छ राहते. काच आतून माखली म्हणजे डेड शॉर्ट, करंटला अडवणारं काहीच नाही.

दोन, आणि ही जास्त महत्त्वाची: दुसऱ्या वेळी तो दहा-बारा मिनिटं वाजला. म्हणजे बसवलेला माल त्या क्षणी धड होता. काहीतरी गरम झाल्यावर बिघडलं. पहिल्यांदा ट्रान्झिस्टर गेले ते वायरच्या केसामुळे. दुसऱ्यांदा का गेले, हे तुमच्या मेकॅनिकनं विचारलंच नाही. जळालेला पार्ट काढून नवा बसवला की झालं, असं वाटतं खरं. मीसुद्धा पहिली चार-पाच वर्षं तसंच केलं आणि गिऱ्हाइकांच्या शिव्या खाल्ल्या.

माझे संशयित तीन. नकली ३०५५. ट्रान्झिस्टर आणि हीटसिंक यांच्यात वीज अडवणारा मायका वॉशर, फाटलेला किंवा भुरभुरलेला. किंवा बायसची, म्हणजे ट्रान्झिस्टरना जागं ठेवणाऱ्या छोट्या करंटची, भानगड. आता हे करा. प्लग काढा, दहा मिनिटं थांबा आणि दोन्ही मोठ्या कंडेन्सरवर मीटर लावून व्होल्टेज बघा. शिल्लक असेल तर १०० ओहम ५ वॉटचा रेझिस्टर टेकवून उतरवा. स्क्रूड्रायव्हरनं ठिणगी पाडू नका, ती मर्दुमकी कंडेन्सर आणि डोळे दोघांनाही महाग पडते. मग उजवे दोन्ही ३०५५ काढा आणि डायोड मोडवर मोजून इथे लिहा. ड्रायव्हरही मोजा. डायग्राम नाही म्हणता, पण डावी बाजू काय आहे मग? शंका आली की तोच पॉइंट डावीकडे मोजायचा.

आणि हो, त्या डायोड्सचं काहीच लिहिलं नाहीत. बीडी१३९ आणि १४० च्या बेसच्या मधे दोन-तीन डायोड आणि एक छोटा प्रीसेट (स्क्रूड्रायव्हरनं फिरवायचा रेझिस्टर) असायला हवा. एखादा डायोड वायरीवर लांब जाऊन हीटसिंकला चिकटवलाय का बघा.

सिंहगड रोड

मला एक विचारायचंय, नवीन आहे. नकली ३०५५ ओळखायचा कसा? ऑनलाइन २५ रुपयालाही मिळतो आणि १५० लाही.

जुना बेंचवाला

बाहेरून भल्याभल्यांना कळत नाही. छपाई अस्सलपेक्षा सुबक असते. मेलेला असेल तर हॅकसॉनं टोपी कापून बघायची. आत सिलिकॉनची चकती असते. बऱ्यापैकी मोठी असायला हवी. तिळाएवढी निघाली तर तो ३०५५ नव्हे, दुसऱ्याच कुणाचा तरी पोरगा आहे. कागदावर ११५ वॉट, प्रत्यक्षात तीसलाच धाप.

पण एक गंमत लक्षात ठेवा. सत्तरच्या दशकातले ३०५५ वेगळ्या पद्धतीनं बनायचे, चकती मोठी आणि स्वभाव संथ. नंतरचे एपिटॅक्सियल, चकती लहान आणि चपळ. नव्याची चकती जुन्यापेक्षा लहान दिसली म्हणून लगेच चोर ठरवू नका. उलट कधीकधी नवा माल जास्त चपळ असल्यामुळेच जुन्या सर्किटमधे ऑसिलेशन, म्हणजे आपोआप होणारं कंपन, सुरू होतं. कानाला ऐकू येत नाही, पण हीटसिंक उगाच तापते.

एककर्णी

बेंचवाले साहेब, रविवार सत्कारणी लागला. डायनिंग टेबलवर वर्तमानपत्र पसरून बसलो. आईनं विचारलं, “जेवायचं कुठे मग?” आम्ही दोघं ओट्याशी उभं राहून जेवलो.

रीडिंग असे. कंडेन्सरवर दहा मिनिटांनंतरही ११ व्होल्ट होते, रेझिस्टरनं उतरवले. वरचा ३०५५: कुठल्याही दोन टोकांत मीटर ‘टीं’ करतो, सरळ शॉर्ट. खालचा: बेस-एमिटर ठीक, पण कलेक्टर-एमिटरमधे दोन्ही दिशांनी ४० ओहम, म्हणजे तोही गेलाच. बीडी१३९ शॉर्ट. बीडी१४० वाचलाय. एका रेझिस्टरचे रंगाचे पट्टे जळून कोळसा, तुम्ही म्हणालात तसं डावीकडे बघितलं तर तिथे तपकिरी-काळा-तपकिरी, म्हणजे १०० ओहम. पांढरे ०.३३ ओहमवाले सिमेंटचे दोन्ही रेझिस्टर ०.६ दाखवतात. गेले का?

मायका धुऊन उजेडात धरला, भोक नाही. काढायच्या आधी टोपी आणि हीटसिंकमधे मोजलं होतं, ट्रान्झिस्टर शॉर्ट असूनही तिथे ‘टीं’ नव्हतं.

तुमच्या सांगण्यावरून मेलेला ३०५५ व्हाइसमधे धरून कापला. पहिल्या वेळचे मूळ दोन मेकॅनिकनं पुडीत बांधून परत दिले होते, त्यातलाही एक कापला. जुन्याची चकती शर्टाच्या कॉलरच्या बटणाच्या निम्मी असेल. नव्याची मसुराच्या डाळीएवढी. तिळाएवढी नक्कीच नाही.

डायोड: तीन आहेत. दोन बोर्डावर, तिसरा पिवळ्या स्लीव्ह घातलेल्या दोन वायरींवर हीटसिंकपर्यंत गेलाय आणि एका भोकात पांढऱ्या पेस्टमधे खोचलाय. दोन्ही बाजूंना तसंच. तिन्ही मोजले, तिन्ही चांगले. ०.५७, ०.५८, ०.५८. म्हणजे बायसही सुटला. आता?

जुना बेंचवाला

०.३३ वाले गेलेले नाहीत. मीटरची दोन्ही टोकं एकमेकांना टेकवा, ०.३ च्या आसपास दाखवेल. तो तुमच्या प्रोबच्या वायरीचा रेझिस्टन्स, वजा करा. असल्या मीटरवर हे रेझिस्टर ‘जोडलेला आहे’ की ‘तुटलाय’ एवढंच बघायचं.

मसुराची डाळ चालेल. मेकॅनिकनं माल बरा टाकला होता. मायकाही सुटला.

पण डायोड मोजलात तो थंड! दहा मिनिटं चालून बिघडणारी गोष्ट रविवारी सकाळी टेबलवर चांगलीच दिसणार. तिसऱ्या डायोडचं एक टोक बोर्डातून सोडवा, नाहीतर शेजारच्या पार्टमधून मीटर फसतो. मीटर डायोड मोडवर लावून ठेवा आणि घरात हेअर ड्रायर असेल तर त्या भोकावर धरा. आकडा हळूहळू खाली यायला हवा, अंशाला साधारण २ मिलिव्होल्टनं. तो डायोड तिथे खोचण्याचं कारणच ते आहे: ट्रान्झिस्टर तापले की त्याचं व्होल्टेज उतरतं, बायस कमी होतो आणि ट्रान्झिस्टर आवरतात. वायरी जरा हलवूनही बघा.

मेकॅनिकनं ट्रान्झिस्टर बदलताना हीटसिंक बाहेर ओढली असणार. त्या वायरी चाळीस वर्षांत कडक झालेल्या असतात.

कोथरूडकर

एक डायोड उघडला तर सगळं जळेल? उलट करंट बंद नाही का होणार? मला हे पटत नाहीये.

जुना बेंचवाला

प्रश्न बरोबर आहे, पुष्कळांना असंच वाटतं. ते तीन डायोड आणि प्रीसेट मिळून दोन ड्रायव्हरच्या बेसमधे सुमारे पावणेदोन व्होल्टचं अंतर राखतात. या सेटमधे दोन्ही आउटपुट ३०५५ आहेत. वर ड्रायव्हर आणि आउटपुट मिळून दोन जंक्शन, खाली बीडी१४० चं एक, अशी तीन. म्हणून डायोडही तीन. या अंतरानं ट्रान्झिस्टर जेमतेम जागे राहतात. मागच्या स्टेजचा करंट एरवी या साखळीतून निघून जातो. साखळी तुटली की त्याला एकच वाट उरते, ड्रायव्हरच्या बेसमधून. मग वरचा आणि खालचा एकाच वेळी पूर्ण उघडतात आणि सप्लायच्या अधिक ३३ व्होल्टपासून उणे ३३ व्होल्टपर्यंत सरळ रस्ता. डोळ्यांचं पातं लवायच्या आत फ्यूज. प्रीसेटचा वायपर खराब झाला तरी हेच होतं, म्हणून डायोड निर्दोष निघाला तर पुढचा नंबर त्याचा.

एककर्णी

सापडला!

ड्रायर घरात नव्हता, शेजारच्या ताईंकडून आणला. मीटर ०.५८ वर. ड्रायर धरला, ०.५७, ०.५६, ०.५५, अगदी तुम्ही म्हणालात तसा घड्याळासारखा खाली. मला वाटलं, हाही निर्दोष सुटणार. ०.५३ ला आकडा एकदा थरथरला आणि एकदम ‘ओएल’, म्हणजे मीटरच्या लेखी वाटच तुटलेली. ड्रायर बंद करून फुंकर मारत बसलो. मिनिटभरानं ०.५६. पुन्हा ड्रायर, पुन्हा ‘ओएल’. असं मी चार वेळा केलं. गरज नव्हती, पण मजा वाटत होती. आई दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, “त्याचे केस वाळवतोयस का?”

डायोड उपसून काढला. पिवळी स्लीव्ह नखानं मागे सरकवली तर डायोडच्या काचेला लागून असलेली तार तुटलेली, पण दोन्ही तुकडे स्लीव्हमधेच एकमेकांना टेकून बसलेले. थंड असताना जोडलेले, गरम झालं की बाजूला. भिंगाशिवाय दिसतही नव्हतं. म्हणजे मेकॅनिकनं घातलेले दोन्ही ट्रान्झिस्टर या सव्वा रुपयाच्या वस्तूनं खाल्ले.

आज दुपारी तापकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, जाऊन आलो. गाडी लांब लावून पायीच गेलो, बुधवार पेठेत गाडी घालणं म्हणजे वेडेपणा. ३०५५ चे दोन, बीडी१३९-१४० ची जोडी, ४१४८ चे डायोड, १०० ओहम, मायका, हीटसिंकची पेस्ट आणि २ अँपिअरचे दहा फ्यूज. दुकानदारानं फ्यूज मोजताना माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, “दहा? आत्मविश्वास दिसत नाही.”

आता चालू करायचं धाडस होत नाही. क्रम सांगाल का?

जुना बेंचवाला

शाब्बास. दुकानदार खवट होता, पण दहा फ्यूज घेतलेत ते बरं केलंत.

आधी सिरीज लॅम्प बनवा. एका बोर्डावर बल्बचा होल्डर आणि सॉकेट सिरीजमधे, त्यात ६० किंवा १०० वॉटचा तारेचा बल्ब. एलईडी चालणार नाही, तारच हवी. अ‍ॅम्प्लिफायर त्या सॉकेटवर लावायचा. बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर ठीक, कंडेन्सर भरले. भक्क पेटून राहिला तर शॉर्ट आहे, बंद करा. पेटलेला बल्ब म्हणजे वाचलेले ट्रान्झिस्टर. माझ्या बेंचवर तीस वर्षं तोच बोर्ड आहे, बल्ब तेवढे बदलले.

पहिल्यांदा ३०५५ लावूच नका. ड्रायव्हर, डायोड, रेझिस्टर बसवा आणि स्पीकर न जोडता चालू करा. आउटपुटच्या पॉइंटवर डीसी मोजा, शून्याच्या जवळ असला पाहिजे. बहुतेक सेट नुसत्या ड्रायव्हरवरही मधला पॉइंट धरून ठेवतात. तिथे २०-३० व्होल्ट दिसले तर दोष आणखी मागे आहे, आणि महागडा माल अजून पुडीतच आहे.

ते जमलं की ३०५५ बसवा. मायकाच्या दोन्ही बाजूंना पेस्ट अगदी पातळ, पोळीला तूप लावतो तेवढी. टोपी आणि हीटसिंकमधे ‘टीं’ येत नाही याची खात्री करा. प्रीसेट कमीत कमी रेझिस्टन्सला. तुमच्या सर्किटमधे तो डायोडच्या सिरीजमधे आहे, म्हणून कमी म्हणजे कमी बायस. ट्रान्झिस्टरचा बायस असलेल्या सेटमधे हे उलटंही असू शकतं, दुसऱ्या कुणी वाचून डोळे झाकून करू नका. पुन्हा बल्बवर. सगळं शांत असेल तर बल्ब काढून थेट लाइनवर, स्पीकर अजूनही नाही. एका ०.३३ वर मिलिव्होल्ट मोजत प्रीसेट अगदी हळू फिरवा. किती ठेवायचे ते डावी बाजू सांगेल. पंधरा मिनिटांनी परत मोजा.

सिंहगड रोड

हे सगळं वहीत उतरवून घेतोय. कॉलेजात क्लास-एबी (याच जातीचं अ‍ॅम्प्लिफायर सर्किट) शिकवला, पण डायोड हीटसिंकला का खोचतात हे आज कळलं.

एककर्णी

बल्बसाठी तीन दुकानं फिरलो. तारेचा बल्ब मागितला की लोक आपल्याकडे रॉकेलचा स्टोव्ह मागितल्यासारखं बघतात. शेवटी देवघराच्या माळ्यावर एक ६० चा सापडला.

ड्रायव्हरवर: बल्ब पेटला, विझत विझत नुसती लाल तार राहिली. मधला पॉइंट ३१ मिलिव्होल्ट. ३०५५ लावून, बल्बवर: तसंच. थेट लाइनवर हात पाठीमागे बांधून पायानं बटण दाबलं, हे खोटं वाटेल पण खरं आहे. काही झालं नाही. डीसी २४ मिलिव्होल्ट, डावीकडे १८. डाव्या ०.३३ वर ६.५ मिलिव्होल्ट होते, म्हणजे हिशेबानं साधारण २० मिलिअँपिअर, तेवढेच उजवीकडे लावले. अर्ध्या तासानं ७.१ झाले होते, जरा मागे घेतले. हीटसिंक कोमट.

आधी जुना, फेकायला काढलेला स्पीकर लावून तासभर ‘विविध भारती’ वाजवली. मग खरा स्पीकर जोडला. चष्मा लावून. वायरीची टोकं पिळून त्यांना सोल्डर लावलं, आता केस बाहेर यायचा नाही.

आईला काही सांगितलं नव्हतं. एलपी लावली. तिनं वाती वळता वळता मान न उचलता म्हटलं, “आला वाटतं.”

कोथरूडकर

वा! बोर्डाचा सल्ला मागे घेतो. एकच विचारायचंय, नवा डायोड हीटसिंकमधे कशानं बसवलात? माझ्याकडेही असाच एक सेट पडून आहे आणि त्याचा डायोड भोकातून बाहेर लोंबतोय.

एककर्णी

पेस्ट भरून वर अ‍ॅराल्डाइटचा एक थेंब. पायांवर नवी स्लीव्ह, आणि वायर मुद्दाम लांब ठेवून तिला एक ढिला वळसा दिलाय, म्हणजे हीटसिंक ओढली तरी ताण तारेवर येणार नाही. डाव्या बाजूचाही त्याच बैठकीत बदलून टाकला. आठ फ्यूज उरलेत, हवे असतील तर सांगा.